स्पीकर टू

गुरुजींना पुढं कासारवाडीला दुसरं श्राद्ध होतं, त्यामुळं सगळं वेळेत उरकलं. एक वाजता पंगत उठली. हात धुऊन सगळे हॉलमध्ये टेकले आणि नवनाथ हळूच आतल्या खोलीत सटकला.

"अर्धाच तास," जाता जाता तो विजयश्रीला म्हणाला.

ती खरकटी ताटं गोळा करत होती. "आज तरी," एवढंच म्हणाली आणि पुढचं सोडून दिलं. बायकोनं नवऱ्याशी वाक्यं पूर्ण करायची सोडली की ते भांडणापेक्षा वाईट, हे नवनाथला कळत होतं. पण ते कळेपर्यंत लॅपटॉप उघडून झाला होता.

आण्णांना जाऊन वर्ष झालं. हॉलमध्ये त्यांच्या फोटोला ताजा हार होता, आणि हाराच्या वर तोच जुना पंखा फिरत होता. टक, टक, मग एक टक चुकायची, परत टक, टक. आण्णा म्हणायचे, बेअरिंग गेलंय, रविवारी बघू. असे बरेच रविवार झाले.

नवनाथची नोकरी चाकणला, क्वालिटीत. साडेचारला कंपनीची बस सोडायची आणि पाचच्या पुढं, गेली सहा वर्षं, तो ह्या खोलीत बसायचा, हेडफोन घालून, अकरा-बारापर्यंत. कुठल्याशा साइटवर लोकांच्या बोलण्याच्या क्लिपा यायच्या. त्या ऐकून टाइप करायच्या. कोण बोललं, काय बोललं. स्पीकर वन, स्पीकर टू. खुर्ची सरकली, कुकर वाजला, तर तेही लिहायचं. मिनिटावर पैसे. फ्लॅटचा हप्ता होता तेव्हा हप्त्यासाठी, नंतर स्वरूपाच्या लग्नासाठी. त्यानंतर कशासाठी ते कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

आज मावळ-खेडकडच्या बोलीच्या क्लिपा आल्या होत्या. त्या फार थोड्या लोकांना जमायच्या, म्हणून ज्यादा रेट. क्लिप उघडली की घड्याळ चालू. ह्या क्लिपला पन्नास मिनिटं दिली होती. तेवढ्यात नाही झाली तर ती काढून घेऊन दुसऱ्याला देणार.

बाहेर त्याच्या बहिणीचा, स्वरूपाचा, आवाज चढला होता.

"आईला मी घेऊन जाते. तळेगावला. आजच."

"अगं पण इथं दादा आहे, वहिनी आहे," धाकटा समाधान म्हणाला. "मी हिंजवडीला एका खोलीत राहतो, नाहीतर..."

"तू तर बोलूच नको भावा. महिन्यातून एकदा येतोस आणि आल्या आल्या चार्जर शोधतोस." मग तिचा आवाज खाली आला. "वहिनी, तुमच्याबद्दल नाही बोलत मी. तुम्हाला तुमच्या ट्यूशन आहेत. पण ह्या घरात आईशी बोलतं कोण? आण्णांशी तरी कोण बोलत होतं?"

"ते दादा ठरवतील," जावई जयसिंग मध्येच म्हणाले.

"दादा कुठंय ठरवायला?"

नवनाथनं हेडफोन चढवले.

क्लिपमध्ये आधी काहीच नव्हतं. नुसता पंखा. टक, टक, एक चुकली, टक, टक. त्याला वाटलं, बाहेरचाच ऐकू येतोय. त्यानं हेडफोन काढले. बाहेर पंखा वाजत होता. हेडफोन घातले. आतही वाजत होता. तीच टक चुकत होती.

मग गळा खाकरल्याचा आवाज आला आणि एक म्हातारा माणूस म्हणाला, "हात?"

प्लास्टिकची खुर्ची फरशीवरून घासत गेली.

"काढला," दुसरा आवाज म्हणाला.

नवनाथची बोटं कीबोर्डवरच राहिली.

हा शब्द दुसऱ्या कुठल्या घरात नव्हता. आण्णा, म्हणजे दौलतराव, भोसरीत पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपला होते, तीस वर्षं. पॅडलवर पाय त्यांचा आणि डायमध्ये पत्रा सरकवायला हेल्पर, किसन. एका ओव्हरटाइमला पाय पडला तेव्हा किसनचा हात आतच होता. चार बोटं गेली. त्या दिवसापासून दौलतराव प्रत्येक ठोक्याआधी विचारायचे, "हात?" आणि समोरून "काढला" आल्याशिवाय पाय खाली जायचा नाही. मग ते घरी आलं. कपाट लावताना, रिक्षात बसताना, कुकरचं झाकण बसवताना सुद्धा. पोरांना वाटायचं, सगळ्यांचेच वडील असं विचारतात.

"बस नाथा," हेडफोनमध्ये आण्णा म्हणाले. "आज लवकर आलास."

खुर्ची घासली.

"व्हय आण्णा. मोशीला ट्रॅफिक नव्हतं."

तो आवाज नवनाथचा होता.

त्यानं क्लिप थांबवली. मागं नेली. परत परत ऐकली. मग लॅपटॉप तसाच उचलून तो हॉलमध्ये आला आणि आईच्या पुढ्यात टीपॉयवर ठेवला.

"आण्णा आहेत," तो म्हणाला.

"कसले आण्णा?" स्वरूपा म्हणाली.

त्यानं हेडफोनची पिन काढली आणि क्लिप पहिल्यापासून लावली. असं कुणाला ऐकवलेलं चालत नव्हतं. ऐकवलं तर अकाउंट बंद. पण आता लावून झालं होतं.

पाच मिनिटं कुणी हललं नाही. वरचा पंखा आणि लॅपटॉपमधला पंखा, दोन्ही चालू. मध्येच दोघांची टक जुळायची आणि खोली एकदम रिकामी वाटायची. आण्णा बोलत होते. गावची विहीर कंपनीच्या कंपाउंडात गेली त्याबद्दल. दत्तोबाच्या म्हशीबद्दल. आणि खुर्ची घासली की नवनाथ उत्तर देत होता, निवांत, जसा त्याला कुठं जायचंच नाही.

"तुला मी प्रेसवर नेलतं, आठवतंय का?"

"आठवतंय की. मला भ्या वाटलं व्हतं."

"मशीनचं?"

"न्हाई. तुमचं. तुमी मशीनवानीच बोलायचा. हात? काढला. हात? काढला. घरी येऊनबी दुसरं काय बोलायचाच न्हाई."

खुर्ची घासली. पंखा वाजत होता. मग आण्णा म्हणाले, "डबल शिफ्ट असायची रं. येळ नव्हता."

"असू द्या आण्णा. आता हाय की येळ."

नवनाथनं तिथं क्लिप थांबवली. अजून चार मिनिटं शिल्लक होती. कोपऱ्यातलं घड्याळ अठ्ठावीस मिनिटं उरलेली दाखवत होतं.

स्वरूपा रडत होती. आवाज न करता, पदर तोंडात धरून. जयसिंगनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला, तो तिनं घेतला नाही.

"मला माहीतच नव्हतं दादा," ती म्हणाली. "मला वाटायचं, तू त्यांच्याशी बोलतच नाहीस. मी वर्षभर सगळ्यांना तेच सांगत फिरले. सासूबाईंना पण."

"दादा, भारी काम केलंस तू हे," समाधान म्हणाला. त्यानं मोबाइल काढला होता. "परत लाव, मी रेकॉर्ड करून घेतो."

"आणि आईचं ते," स्वरूपा डोळे पुसत म्हणाली, "राहू दे. इथंच राहू दे तिला. मी उगाच बोलले."

नवनाथनं मान हलवली. नाही म्हणायला हलवली का हो म्हणायला, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आई घरात राहणार होती. त्याला तेच पाहिजे होतं. सकाळी पाचला बसला निघताना दाराशी उभी राहणारी आई, आली का रे बस, म्हणणारी. ती गेली तर हे घर म्हणजे नुसती दोन चार्जिंग पॉइंटची जागा.

फक्त एक गोष्ट होती. त्या क्लिपमधलं एकही वाक्य तो कधी बोलला नव्हता.

नवनाथची आई, कौशल्याबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या लॅपटॉपकडं बघतही नव्हत्या. त्या बघत होत्या समोरासमोर ठेवलेल्या दोन लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांकडं.

"चार्जर लावून आणतो," म्हणून नवनाथ लॅपटॉप घेऊन आत गेला. विजयश्री मागोमाग आली आणि तिनं दार लोटलं.

"कधी बोललात तुम्ही हे?"

"आठवत नाही."

"मला आठवतंय. मी ट्यूशनला जाताना तुम्ही ह्या खुर्चीत आणि येताना ह्याच खुर्चीत." ती हळू आवाजात बोलत होती. चिडलेली नव्हती, घाबरलेली होती. "आणि तुम्ही 'व्हय' कधी म्हणता हो? लग्नाला सात वर्षं झाली, माझ्यासमोर एकदा पण 'व्हय' म्हणाला नाहीत. कंपनीत लोक हसतात म्हणून सोडलं, असं तुम्हीच सांगितलंत मला. मग तो कोण बोलतोय?"

नवनाथ खुर्चीत बसला. त्याला दोन वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवत होती. रिटायर झालेले आण्णा दारात येऊन नुसते उभे राहायचे. त्यानंच त्यांच्या मोबाइलवर त्याच साइटचं, बोलणं रेकॉर्ड करायचं ॲप टाकून दिलं होतं. आण्णा, ह्याच्यात बोला, गावाकडच्या बोलीला पैसे देतात. कुणाशी बोलू? कुणाशीपण, दोन माणसं पाहिजेत फक्त, घरातलीच. तू बस की मग. बसतो, नंतर.

त्यानं हेडफोन घातले आणि पुढची चार मिनिटं ऐकली. विजयश्री त्याच्या चेहऱ्याकडं बघत उभी राहिली.

दुसऱ्या मिनिटाला तो ताठ झाला. हेडफोन काढून त्यानं ते मांडीवर ठेवले, जसे ते गरम झाले होते.

"काय आहे?"

त्यानं हेडफोनची एक बाजू तिच्या कानाला लावली. तिनं ऐकलं आणि पटकन त्याचा दंड धरला.

"हे बाहेर लावू नका," ती म्हणाली. "ऐका माझं. सबमिट करून टाका, जाऊ दे कुठं जायचं ते. आई राहतायत ना? बास. मला पण त्या पाहिजेत घरात. मी तरी कुणाशी बोलू संध्याकाळची? भिंतीशी?"

"त्यांना वाटतंय, मी बोलत होतो."

"वाटू दे की. कुणाचं काय बिघडतंय?"

बाहेरून कौशल्याबाईंची हाक आली. "नाथा. पुढचं लाव की रं. ऱ्हायलंय ना अजून?"

घड्याळ एकोणीस मिनिटं दाखवत होतं. सबमिटचं बटण खाली हिरवं होतं. नवनाथला ते दाबता आलं असतं. लाइट गेली म्हणता आलं असतं, वेळ संपली म्हणता आलं असतं. अशी कारणं त्याला तोंडपाठ होती. सहा वर्षं त्यानं दुसरं काय केलं होतं?

तो लॅपटॉप घेऊन बाहेर आला. विजयश्री दारातच थांबली.

क्लिप सुरू झाली. आण्णा बोनसबद्दल काहीतरी सांगत होते आणि ते स्वतःच हसले, मोठ्यानं. त्या हसण्यावर, लांबून, बंद दाराच्या पलीकडून एक तिसरा आवाज आला. वैतागलेला.

"आण्णा, जरा हळू बोला ना. काम चालू आहे माझं."

स्वरूपाचा हात तोंडाशीच राहिला. तिनं नवनाथकडं बघितलं, मग लॅपटॉपकडं, मग आतल्या खोलीच्या दाराकडं. समाधानच्या हातातला मोबाइल अजून रेकॉर्ड करत होता.

"हा पण तूच आहेस," तो म्हणाला. "मग तो दुसरा कोण आहे, दादा?"

लॅपटॉपमध्ये खुर्ची घासली. अगदी सावकाश, आवाज होऊ नये अशी. आणि स्पीकर टू कुजबुजला, "हळू बोला आण्णा. आत त्याचं काम चालूय."

"व्हय, व्हय," आण्णा कुजबुजले. "त्याला तरास नको."

पुढं दोघं हळूच बोलत राहिले. शब्द नीट कळत नव्हते. तेवढं संपल्यावर आण्णांनी विचारलं, "हात?" खुर्ची घासली. उत्तर आलं नाही. दमलेल्या माणसाचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि पंखा. क्लिप संपली.

"खुर्ची," जयसिंग म्हणाले. "प्रत्येक उत्तराच्या आधी खुर्ची वाजतीये."

"वाजणारच," कौशल्याबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडं वळले.

"देवळातनं एक दिस लवकर आले मी. दार उघडंच व्हतं. बघितलं तर हे ह्या खुर्चीत बसून बोलत्यात. बोलून झालं की उठायचं, फोन उचलायचा, त्या खुर्चीत जाऊन बसायचं. तिथं बसलं की पाठ सरळ, मान अशी. तुझ्यावानी, नाथा. आन् तुझ्या आवाजात जवाब द्यायचं. दहावीला व्हतास तवाचा आवाज. पुन्यांदा उठायचं, ह्या खुर्चीत. गुडघं तर काम देत नव्हतं त्यांचं."

"आणि तू काही बोलली नाहीस?" स्वरूपा म्हणाली.

"काय बोलू? मी चपला हातात घेऊन खाली जाऊन बसले, जिन्यात. त्यांचं बोलणं मोडायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी पन तसंच. मग रोजच देवळातनं उशिरा यायला लागले."

नवनाथ तिच्यासमोर उकिडवा बसला. "आई, मी बंद करतो हे. सगळं. उद्यापासून पाचला आलो की तुझ्याजवळ बसतो. शपथ."

"बंद कशापायी करतो? घर चालतंय त्याच्यावर. तुजा बाप बी डबल शिफ्ट करायचा, त्यानं काय हौसेनं केली?" तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. तो हात थंड होता. "तू बसशील, मला ठावं हाय. पर मी स्वरूपाकडं जाते."

"का पण? मी बसतो म्हणतोय ना."

कौशल्याबाईंनी आवाज खाली आणला, जसं पोरांसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

"परवा मी हितं बसून मेथी निवडत व्हते. तू आत. मी म्हणलं, नाथा, च्या घेतो का? आन् जवाब आला, घेतो की आई." त्या थांबल्या. "माझ्याच तोंडातनं आला रं. आन् मी उठून च्या टाकला. दोन कप. तुझा कप त्या खुर्चीपुढं ठेवला. गार झाल्यावर माझ्या ध्यानात आलं."

वरचा पंखा वाजत होता. कुणीतरी तो बंद करावा असं सगळ्यांनाच वाटलं, पण बटणापाशी जायला त्या दोन खुर्च्यांमधून जावं लागत होतं.

विजयश्रीच हलली. आतल्या कपाटातून तिनं सासूबाईंची पिशवी काढली, चार लुगडी घड्या करून भरली, गोळ्यांचा डबा वर ठेवला. थोड्या वेळापूर्वी आई राहू दे म्हणणारी तीच होती. आता तिचे हात भराभर चालत होते.

"वहिनी," स्वरूपा दबकत म्हणाली, "तुम्ही पण चला चार दिवस."

विजयश्रीनं नवऱ्याकडं बघितलं. "बघते," ती म्हणाली. ते वाक्यही तिनं तिथंच सोडलं.

समाधाननं रेकॉर्डिंग पुढं केलं. "आई, हे ठेवू का? आण्णांचा आवाज आहे."

"नगं बाबा. मी समदं तवाच ऐकलंय. जिन्यातनं."

लॅपटॉपवर घड्याळ सरलं. वेळ संपली, हे काम दुसऱ्या सदस्याकडं देण्यात आलं आहे, अशी पट्टी आली आणि आण्णा पडद्यावरून गेले. आता कुठलातरी दुसरा माणूस कुठल्यातरी खोलीत बसून तीन माणसं मोजणार होता. बरोबरच मोजणार होता, असंही नवनाथच्या मनात आलं.

पार्किंगमध्ये जयसिंगनी गाडी काढली. स्वरूपा पुढं बसली. नवनाथनं पिशवी डिकीत टाकली आणि मागचं दार धरून आईला आत बसवलं. दुपारचे तीन वाजत होते. शेजारच्या वर्कशॉपची सुट्टी होती, त्यामुळं गल्ली नको तितकी शांत होती.

"रविवारी येतो," तो म्हणाला.

"ये."

"नक्की येतो, आई. नंतर म्हणत नाहीये मी."

त्यानं दाराला हात लावला. आणि इतक्या वर्षांत एकदाही त्याच्या तोंडून न आलेला शब्द बाहेर पडला, घोगरा, वयस्कर, असा की जिन्यात उभ्या समाधाननं झटकन मागं बघितलं.

"हात?"

कौशल्याबाईंनी त्याच्याकडं रोखून बघितलं. थोडा वेळ त्या कुणाला ओळखत होत्या ते कळेना. मग त्यांनी दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले.

"काढला," त्या म्हणाल्या.

नवनाथनं दार लावलं.